न प्यायलेल्या दिवसांत काय घडलं?

आजच्या पालघर जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव महाराष्ट्राला कळलं ते १९९२-९३ साली. या परिसरातल्या पाड्यांवर शंभरावर बालकं दगावल्याच्या बातम्या आल्या, मुंबईत खळबळ उडाली, मंत्री आले, अधिकारी आले, योजना आल्या. त्याच वेळी एक वादही सुरू झाला. पुढे कुपोषणाच्या प्रत्येक बातमीबरोबर तो येत राहिला. ही मुलं कुपोषणानं गेली की आजारानं? कागदावर न्यूमोनिया लिहिलेला असायचा, हगवण असायची, ताप असायचा. लिहिलेलं खोटं नव्हतं. पण पोटभर जेवणारं पोर ज्या हगवणीतून चार दिवसांत उठून अंगणात पळायला लागतं, तीच हगवण उपाशी पोराला घेऊन जाते. कागदावर दिसणाऱ्या आजाराच्या पोटात दुसरं काहीतरी होतं आणि ते मोजायला कुणी शिकलेलं नव्हतं. पुढे वजनकाटे आले, दंडाचा घेर मोजण्याच्या पट्ट्या आल्या, अंगणवाडीताईच्या वहीत रकाने आले.

मोठ्या माणसांच्या बाबतीत असा रकाना अजून नाही. जव्हार-मोखाड्यात एखादा तरुण पिऊन पडलेला दिसला की त्याच्यावर एकच शिक्का बसतो: दारुडा. तोही खोटा नसतो. दारू दिसते, तिचा वास येतो, तिचे पैसे घरातून गेलेले असतात. पण काही माणसांच्या दारूच्या पोटात दुसरा आजार असतो, बहुतेक वेळा दारूच्या आधीपासूनचा. या प्रकरणात अशाच एका जोडीबद्दल बोलायचं आहे. ही जोडी म्हणजे बायपोलर आजार आणि व्यसन.

बायपोलर म्हणजे मनाच्या दोन टोकांचा आजार. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला नैराश्य, आणि मधे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं अगदी नीट असलेला माणूस. फ्रान्समध्ये फाल्रे यांनी १८५४ साली या आलटून पालटून येणाऱ्या अवस्थांचं एकच आजार म्हणून वर्णन केलं. जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ साली त्याला उन्माद-नैराश्याचा आजार म्हणून वेगळं स्थान दिलं. हेच क्रेपेलिन दारूचे कट्टर विरोधक होते आणि स्वतः दारू पूर्ण सोडून राहिले. आजची वैद्यकीय व्याख्या सांगते, की उन्माद म्हणायला मन आणि अंगातला जोर किमान एक आठवडा चढलेला असला पाहिजे. झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी थकवा येत नाही. बोलणं थांबत नाही, विचार एकमेकांवर आदळतात, पैसा हातात राहत नाही, आपण काहीही करू शकतो असं वाटतं, कुणी अडवलं तर राग अनावर होतो. नैराश्य किमान दोन आठवड्यांचं असतं. त्यात माणूस उठत नाही, जेवत नाही, कशातच जीव लागत नाही, मरणाचे विचार येतात. आजार बहुधा विशी-पंचविशीच्या आसपास डोकं वर काढतो, म्हणजे नेमका लग्नाच्या, पहिल्या मुलाच्या, आगाऊ मजुरीच्या पहिल्या उचलीच्या वयात.

इथल्या वर्षाच्या चक्रात हा आजार कसा दिसेल, ते समजण्यासाठी एक माणूस कल्पनेनंच उभा करू. त्याला नाव देत नाही. वय सव्वीस, थोडीशी वरकस जमीन, त्यात नागली आणि वरई, खाली एक-दोन खाचरं भाताची. दिवाळी झाली की मुकादम पाड्यावर येतो. बायकोसकट दोघांच्या नावानं उचल घेतली जाते आणि कुटुंब भिवंडी किंवा वसईकडच्या वीटभट्टीवर जातं. तिथं ऊन चढायच्या आत विटा पाडायच्या म्हणून मध्यरात्र उलटली की उठायचं. झोपेचे तुकडे होतात. पहिले काही आठवडे सगळं ठीक. मग एका आठवड्यात त्याला झोपच लागेनाशी होते, पण तो थकतही नाही. दोघांच्या विटा एकटा पाडतो, गाणी म्हणतो, मुकादम खूश. आठवड्याची खर्ची हातात येते तशी तो शेजाऱ्यांना वाटून टाकतो, एक मोबाइल आणतो, भट्टीमालकाला सांगतो की पुढच्या वर्षी माझीच भट्टी असेल. याच दिवसांत तो प्यायला लागतो, आधी कधी प्याला नव्हता इतका. मारामारी होते, मालक हाकलून देतो, उचल अंगावर राहते. शिमग्याला सगळे गावी येतात तेव्हा तो अजून चढलेलाच असतो. मोहाची फुलं पडत असतात, दारू घरोघरी असते, आणि पिऊन नाचणाऱ्या दहा जणांत अकरावा वेगळा दिसत नाही. पावसाळ्यात, आवणीच्या दिवसांत, तो घरात पडून राहतो. बायको एकटी चिखलात उभी असते. तो सकाळपासून पितो, कारण प्यायल्याशिवाय उठवत नाही. लोक म्हणतात, दारूनं संपवलं याला.

या गोष्टीत महत्त्वाचा आहे तो क्रम. भट्टीवर आधी झोप गेली, दारू नंतर आली. डॉक्टरला, आशाताईला, मुकादमाला कुणालाच हा क्रम ठाऊक नसतो. तो फक्त बायकोला ठाऊक असतो आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

या दोन आजारांची जोडी किती घट्ट आहे, हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसलं ते अमेरिकेत. तिथं १९८०च्या दशकात पाच ठिकाणच्या सुमारे २० हजार लोकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या आणि १९९० साली निष्कर्ष छापले गेले. सर्वसामान्य लोकांत आयुष्यात कधी ना कधी दारू किंवा इतर अमली पदार्थांचं व्यसन जडलेले सुमारे १७ टक्के होते. बायपोलरच्या तीव्र प्रकारात हेच प्रमाण ६१ टक्क्यांच्या आसपास निघालं. स्किझोफ्रेनिया, नुसतं नैराश्य, घबराटीचा विकार, या सगळ्यांपेक्षा ते जास्त होतं. पुढच्या अनेक अभ्यासांत आकडा खालीवर झाला, पण बायपोलर आणि व्यसन यांची गाठ सुटली नाही. भारतात निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता. आयुष्यात कधीतरी बायपोलर झालेल्या प्रौढांचं प्रमाण त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास आलं, आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. दारूच्या व्यसनाच्या बाबतीत उपचाराबाहेर राहिलेले सुमारे ८६ टक्के होते. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सव्वादोन लाखांच्या जवळपास होती. त्यांतले निम्मे प्रौढ धरले आणि तोच अर्धा टक्का लावला, तर पाचशेच्या वर माणसं होतात. हा अंदाज कच्चा आहे, बोटांवर केलेला. तरी पाचशे ही थोडीथोडकी माणसं नव्हेत.

माणसं पितात का, हा प्रश्न इथं जरा थांबून पाहिला पाहिजे. सगळ्यात लोकप्रिय उत्तर असं, की दुःख विसरायला. बायपोलरमध्ये ते अर्धंच खरं आहे. नैराश्यात माणूस सुन्नपणा बोथट करायला पितो, झोप यावी म्हणून पितो. पण उन्मादात पिणं जास्त जोरानं वाढतं, आणि तिथं विसरायचं असं काही नसतंच. तिथं मेंदूची मौज मागणारी यंत्रणा सुटलेली असते आणि थांबवणारी यंत्रणा ढिली पडलेली असते. एक पेला झाला की दुसरा नको, असं सांगणारं कुणी आत उरत नाही. काही घराण्यांत या दोन्ही आजारांचं बीज एकत्रच उतरत असावं, असं आनुवंशिकतेचे अभ्यास सुचवतात. आणि मग दारू स्वतःचं काम सुरू करते. ती झोप आणते खरी, पण उत्तररात्री तीच झोप मोडते. बायपोलर असलेल्या माणसाच्या मेंदूचं घड्याळ आधीच नाजूक असतं. झोपेची मोडतोड हे उन्मादाला मिळणारं सगळ्यात सोपं निमंत्रण आहे. प्यायल्यानं झोप मोडते, झोप मोडली की मन चढतं, मन चढलं की पिणं वाढतं. वर्षं जातात तसे झटके जवळजवळ यायला लागतात, गोळ्या चुकतात, आणि आत्महत्येचा धोका एकेका आजारापेक्षा दोन्ही मिळून कितीतरी जास्त होतो.

दारूबरोबर तंबाखूही येते. चुना लावलेली तंबाखू, बिडी, बायकांची मिसरी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे, तरी पुड्या सापडतात. बायपोलर असलेल्यांत तंबाखूचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी जास्त असतं. गांजाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो अनेकांना निरुपद्रवी वाटतो. उन्मादाचा झटका आणण्यात आणि लांबवण्यात गांजाचा हात असतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

आता एक मोठा गैरसमज. आदिवासी आहेत, पिणारच, असं शहरात सहज म्हटलं जातं, आणि दवाखान्यातही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य समितीनं २०१८ साली अहवाल दिला. त्यातले आकडे गंभीर आहेत: आदिवासी पुरुषांत तंबाखू वापरणारे ७२ टक्के, दारू पिणारे ५० टक्क्यांच्या वर. बिगर आदिवासी पुरुषांत हेच आकडे ५६ आणि ३०. पण या आकड्यांना इतिहास आहे. मोहाची दारू पूर्वी घरी गाळली जायची आणि देवाला, लग्नाला, पाहुण्याला दिली जायची. मुंबई इलाख्यात १८७८च्या अबकारी कायद्यानं घरची भट्टी गुन्हा ठरली आणि मक्तेदाराच्या दुकानातली, कर लावलेली दारू विकत घेणं भाग पडलं. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांवर कायदा आला, म्हणजे झाडाखाली पडलेली फुलं गोळा करून घरी ठेवण्यावरही सरकारची नजर. जव्हार हे मुकणे राजांचं संस्थान, तिथला कारभार वेगळा, पण चहूबाजूंनी हीच हवा होती. दारू सणाच्या घरातून उधारीच्या दुकानात गेली, आणि उधारीच्या दुकानातून सावकाराच्या वहीत.

त्यानंतरची एक घटना मला फार मोलाची वाटते. १९२२च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांतून एक देवी निघाली आणि गावागावांतून डोंगरपट्टीकडे, पुढे दक्षिण गुजरातपर्यंत पोचली. ती माणसांच्या अंगात यायची आणि सांगायची: दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा, स्वच्छ राहा. हजारो आदिवासींनी पिणं सोडलं, दारूच्या दुकानांवर बहिष्कार पडला, मक्तेदार हवालदिल झाले. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं १९८७ साली या चळवळीवर आख्खं पुस्तक लिहिलं. ज्या समाजाला पिण्याशिवाय राहता येत नाही असं आपण म्हणतो, त्यानं आपल्याच देवीच्या तोंडून दारूबंदी पुकारली होती.

या घटनेत मानसिक आजाराच्या अभ्यासकालाही शिकण्यासारखं आहे. अंगात येणं आणि उन्माद यांची गल्लत बाहेरून आलेला डॉक्टर सहज करतो, आणि उलट बाजूनं भगतही करतो. अंगात येणं ठरल्या जागी, ठरल्या वेळी, लोकांसमोर येतं आणि जातं. दुसऱ्या दिवशी तो माणूस शेतावर असतो. उन्माद मांडव उठला तरी उठत नाही. तो आठवडेच्या आठवडे चालतो, झोप खातो, घर खातो. उन्हाळ्यातल्या बोहाड्यात मुखवटे घालून रात्र रात्र नाचणाऱ्यांपैकी बाकी सगळे दुसऱ्या दिवशी झोप काढतात. ज्याला नाच संपल्यावर पाच दिवस झोपच लागत नाही, त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं. भगताला हे दिसत नाही असं मुळीच नाही. त्याला पाड्यातला प्रत्येक माणूस ठाऊक असतो, एखाद्याचं पालटणं तो डॉक्टरच्या कितीतरी आधी ओळखतो. त्याच्याशी भांडण मांडून उपचार सुरू केले तर रुग्ण दोघांच्याही हातून निसटतो. भगताची पूजा चालू द्यावी आणि गोळीही चालू ठेवावी, असं सांगणारा डॉक्टर मला जास्त शहाणा वाटतो. मात्र बांधून ठेवणं, चटके देणं, उपाशी ठेवणं यांना कुठल्याही नावाखाली जागा नाही.

उपचारांकडे वळताना पहिली सूचना धोक्याची. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकाएकी सोडली तर जीव जाऊ शकतो. शपथ घेतली, भंडारा उचलला, आणि दुसऱ्या दिवसापासून हात कापायला लागले, घाम फुटला. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात भ्रम होतो, नसलेली माणसं आणि किडे दिसतात, ताप चढतो. घरच्यांना वाटतं, देव कोपला. खरं तर ही रुग्णालयात नेण्याची वेळ असते. त्यात जेवण आधीच कमी पडलेलं शरीर असेल तर थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, कमतरता असतेच. अशा माणसाला नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावणं धोक्याचं. आधी किंवा बरोबरच थायमिन द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. भूक आणि दारू एकाच शरीरात भेटतात तेव्हा हे असं होतं.

उन्माद दारूमुळे आहे की मुळातला, हे ओळखायला वेळ लागतो. नशा उतरल्यावर काही आठवडे पाहावं लागतं. पण तेवढे दिवस माणूस दवाखान्यात थांबतोच असं नाही, म्हणून भूतकाळ विचारावा लागतो. लग्नाच्या वर्षी, तुरुंगात असताना, हाड मोडून घरी पडला होता तेव्हा, देवाची माळ घातली होती तेव्हा, अशा न प्यायलेल्या दिवसांत त्याचं काय झालं होतं? तेव्हाही झोपेशिवाय पळत सुटला होता का? तेव्हाही महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडला होता का? उत्तर हो आलं तर दारूच्या मागे दुसरा आजार उभा आहे, असं मानून पुढची तपासणी करायला हवी. आई, बायको, मोठा भाऊ यांपैकी कुणीतरी हे सांगू शकतं. रुग्ण स्वतः बहुधा सांगू शकत नाही, कारण चढलेले दिवस त्याला आजाराचे वाटतच नाहीत. ते त्याला आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस वाटतात.

बायपोलरवरचं सगळ्यात जुनं आणि अजूनही भरवशाचं औषध म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ साली त्याचा गुण दाखवून दिला. आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांत ते आहे. पण त्याची मात्रा अरुंद पट्ट्यात सांभाळावी लागते. रक्तात एका लिटरला साधारण ०.६ ते १.२ मिलिमोल, आणि १.५च्या वर गेलं की विषबाधेची भीती. म्हणून रक्ततपासणी लागते. आता हे औषध वीटभट्टीवरच्या माणसाच्या हातात ठेवून पाहा. एप्रिलचं ऊन, भट्टीची धग, अंगातून निथळणारा घाम, प्यायला पाणी कमी, जेवणात मीठ कमीजास्त. जुलाब-उलट्या झाल्या की लिथियम रक्तात साठतं. कंबर दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतली तर आणखी साठतं. मग हात जोरात थरथरतात, जीभ जड होते, बोलणं अडखळतं, पाय लटपटतात, माणूस झोकांड्या खातो. पाहणारा म्हणतो, पुन्हा प्यायला. ज्याच्या नावावर दारुडा हा शिक्का आहे, त्याच्या लिथियमच्या विषबाधेकडे कुणी आजार म्हणून पाहतच नाही. त्याला कुठंतरी सावलीत झोपवून ठेवतात. म्हणून लिथियम चालू असलेल्या प्रत्येकाच्या घरी एवढं तरी माहीत हवं: तो झोकांड्या खाऊ लागला आणि तोंडाला वास नसेल, किंवा असला तरीही, गोळी थांबवून त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं.

दुसरं औषध व्हॅलप्रोएट. २००५ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या एका छोट्या चाचणीत बायपोलर आणि दारू दोन्ही असलेल्या रुग्णांचं अतिपिणं त्यानं कमी झालेलं दिसलं. पण यकृत आधीच दारूनं खराब झालेलं असेल तर ते जपून द्यावं लागतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईला तर शक्यतो टाळावंच, कारण गर्भात गंभीर व्यंगं निर्माण होतात. बायकांच्या आजाराची तर निराळीच उपेक्षा होते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत बायपोलरचा झटका येण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. त्या बाईला बाधा झाली असं म्हणून कोपऱ्यात बसवलं जातं आणि बाळ दुसरीच कुणीतरी सांभाळते.

आणखी दोन चुका वारंवार होतात. पहिली, फक्त नैराश्य पाहून नैराश्यविरोधी गोळी एकटीच देणं. बायपोलर असलेल्या माणसाला ती उन्मादात ढकलू शकते. दुसरी, भिंतीवर आणि वर्तमानपत्रात दिसणाऱ्या, नकळत दारू सोडवा असं सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवणं. घरची बाई भाजीत पूड मिसळते. त्या पुडीत काय असतं हे कुणालाच ठाऊक नसतं. दारू सोडवण्यासाठीचं डायसल्फिराम हे औषध असेल तर त्यावर दारू पोटात गेल्यावर छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं, कधी मृत्यूही. डॉक्टर हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करूनच देतात, आणि ज्याला मानसिक आजाराचा झटका आला आहे त्याला तर फारच विचार करून. नवऱ्यासाठी जीव तुटणाऱ्या बाईच्या हातून हे होतं, म्हणून तिला दोष देण्यापेक्षा तिला कुणीतरी आधी भेटायला हवं होतं, असं वाटतं.

या सगळ्यातून एक गोष्ट मी ठामपणे म्हणतो. दोन आजारांसाठी दोन वेगळी दारं ठेवली की रुग्ण दोन्हींच्या मधे पडतो. व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, आधी डोकं ठीक करून या. मानसोपचार विभाग म्हणतो, आधी दारू सोडून या. अमेरिकेत रॉजर वाइस यांनी या जोडीसाठी एकत्रित गटोपचार तयार केला आणि २००७ साली त्याचे निष्कर्ष छापले. एकाच गटात, एकाच बैठकीत, झोपेबद्दलही बोलायचं आणि पेल्याबद्दलही, गोळीबद्दलही आणि जुन्या दोस्तांबद्दलही. दोन आजार आहेत असं न मानता एकच आजार आहे असं धरून चालायचं. नुसत्या व्यसनाच्या समुपदेशनापेक्षा या गटातल्या लोकांचे पिण्याचे दिवस कमी झाले. महाराष्ट्रात या विचाराची मुळं जुनी आहेत. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं ते २९ ऑगस्ट १९८६ रोजी, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. अनिताताई त्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. मन आणि व्यसन एकाच अंगणात, ही कल्पना तिथं पहिल्या दिवसापासून होती. पालघर जिल्ह्यापुरतं पाहिलं तर फादर जो परेरा यांच्या कृपा फाउंडेशनचं काम वसईत आहे. पण वसई समुद्राकाठी आणि वांगणी डोंगरात. जव्हारहून नाशिक साधारण ८० किलोमीटर, ठाण्याचं १९०१ साली सुरू झालेलं मनोरुग्णालय त्याहूनही लांब. रोजंदारी बुडवून, दोन माणसांचं एसटीभाडं काढून, दर महिन्याला तिकडे जाणं इथल्या घराला जमत नाही. पहिल्या खेपेला जातात, दुसरीला जातात, तिसऱ्या खेपेला आवणी आलेली असते.

म्हणून काम जवळ यायला हवं. गोव्यात संगाथ या संस्थेनं हे करून पाहिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी, धोक्याच्या पातळीवर पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत बोलणं केलं. २०१७ साली द लॅन्सेटमध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि पिणं थांबवणाऱ्यांचं प्रमाण त्या गटात स्पष्टपणे जास्त होतं. ती चाचणी व्यसन पूर्ण जडलेल्यांसाठी नव्हती, बायपोलरसाठी तर नव्हतीच. तरी गावातली, गावच्या बोलीत बोलणारी व्यक्ती हे काम पेलू शकते, एवढं तिनं दाखवलं. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात आणि मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात लिथियमची रक्ततपासणी नियमित होऊ शकली, गोळ्या एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या मिळू शकल्या, आणि दिवाळीनंतर भट्टीवर निघालेल्या माणसाच्या हातात औषधाचं नाव, मात्रा आणि आजार लिहिलेला कागद असला, तर भिवंडीच्या डॉक्टरलाही त्याला पुढे सांभाळता येईल. कुपोषित मुलाची वही त्याच्या मागोमाग भट्टीपर्यंत जावी, अशी मागणी या भागातले कार्यकर्ते करत आले आहेत. मोठ्या माणसाच्या गोळीसाठीही तेच मागावं लागेल.

मागण्याचा हक्क कायद्यात आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू झाला. त्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या आहेत. म्हणजे दारुडा आहे म्हणून मानसोपचार विभागानं परत पाठवणं कायद्याला धरून नाही. सरकारी सेवेत, परवडणाऱ्या दरात, राहत्या जागेजवळ उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क म्हणून त्यात लिहिलं आहे. याच कायद्यानुसार माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो, की पुढे झटका आला तर मला कसे उपचार द्यावेत, कसे देऊ नयेत आणि माझ्या वतीनं कुणी बोलावं. दर वर्षी चढणाऱ्या-उतरणाऱ्या आजारासाठी ही तरतूद फार उपयोगाची आहे, कारण मधल्या नीट महिन्यांत तो माणूस आपल्यापेक्षाही स्पष्ट विचार करत असतो.

दवाखाना लांब असेल आणि रात्र असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारनं तो १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केला. चोवीस तास, फुकट, मराठीतही. फोन घरच्यानं केला तरी चालतो. सुरुवात दारूपासून करू नये. आधी सांगावं, की किती रात्री झोप नाही, झोप नसूनही तो थकतो का, पैसे कसे उडवतोय, मरणाबद्दल काही बोललाय का. मरणाबद्दल त्याला सरळ विचारावं, विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. होकार आला तर त्याला एकटं सोडू नये आणि फवारणीचं औषध घरातून हलवावं. मग सांगावं, गोळ्या कुठल्या आणि कधीपासून बंद आहेत. आणि शेवटी, पिणं या सगळ्याच्या आधी वाढलं की नंतर.